चिनी वैद्यकाचे इंग्रजी बारसे

औषध पाकिटात भरून परदेशी पाठवता येते, पण त्यामागचा विचार शब्दांतूनच जातो. शब्द चुकला की विचारही चुकतो, आणि प्रसंगी रोग्याचे नुकसानही होते. चिनी वैद्यक इंग्रजीत नेताना विद्वानांना हीच अडचण वारंवार आली. आपल्या बेटावर चिनी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. तेव्हा वाचकांना हा विषय परका वाटू नये.

प्रथम अवयवांची नावे पाहू. चिनी वैद्यकातील 'पी' या शब्दाला इंग्रजीत 'स्प्लीन' म्हणतात, म्हणजे आपली प्लीहा किंवा पानथरी. डॉक्टरांच्या शास्त्रात पानथरीचा संबंध रक्ताशी. चिनी वैद्याची 'पी' मात्र खाल्लेले अन्न पचवून त्याचे सत्त्व शरीरभर पोचवते. 'पी' दुर्बल झाली म्हणजे भूक मंदावली, शौचास पातळ होते, थकवा येतो. हे न समजता रोगी पानथरीची काळजी करीत बसला, तर दोष भाषांतराचा.

आता 'छी' हा शब्द घ्या. त्यात श्वास, वाफ, हवा असे अनेक अर्थ आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलिये द मोराँ या फ्रेंच लेखकाने सुयांच्या उपचारावर लिहिताना 'छी'ला 'एनर्जी' आणि तिच्या वाटांना 'मेरिडियन' म्हटले. फ्रेंचमधले हे शब्द इंग्रजीतही रुळले. पण त्या वाटेचे चिनी नाव 'जिंग', आणि त्याचा एक मूळ अर्थ मागावरचा उभा धागा, आपला ताणा. मेरिडियन म्हणजे नकाशावरची काल्पनिक रेघ. धाग्याची अशी रेघ झाली! चिनी वैद्यकाचे जर्मन इतिहासकार पॉल उन्शुल्ड यांनीही 'एनर्जी' या शब्दाला हरकत घेतली आहे. आपणही 'छी'ला चटकन 'प्राण' म्हणून मोकळे होऊ नये.

मग उपाय कोणता? येथे दोन पक्ष आहेत. तैवानमध्ये राहून काम करणारे इंग्रज भाषांतरकार नायजेल वाइजमन यांनी फंग ये यांच्यासह 1998 साली मोठा कोश प्रसिद्ध केला. चिनी शब्द जसा आहे तसाच इंग्रजीत उतरवावा, असे त्यांचे म्हणणे. डोळे आल्यास चिनी वैद्य ज्याला 'वारा-अग्नी-डोळा' म्हणतो, त्याला इंग्रजीतही तसेच म्हणावे. बेजिंगचे डॉ. श्ये जूफान यांचे मत वेगळे. रोग तोच असेल तर डॉक्टरांचा रूढ शब्द वापरावा, म्हणजे सर्वांना कळेल. दुसरी वाट सोपी खरी. पण वैद्याने वारा आणि अग्नी पाहून औषध का निवडले, हे त्या वाटेवर हरवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक कार्यालयाने 2007 साली तीन हजारांहून अधिक शब्दांची इंग्रजी यादी काढली. 2022 साली संघटनेने चिनी वैद्यकाची नवी यादी दिली. तरी वाद मिटलेला नाही.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. 1990 नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या शंभरावर रोग्यांची, विशेषतः स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. अनेकांची कायमची निकामी झाली. औषधात स्टेफानिया नावाची वनस्पती असायची होती. प्रत्यक्षात तेथे विषारी अ‍ॅरिस्टोलोकिया आली. चिनी बाजारात दोन्हींना 'फांग जी' म्हणत. एक 'हान फांग जी', दुसरी 'ग्वांग फांग जी'. पुढचे एक अक्षर गळले आणि केवढा अनर्थ झाला!

आपल्या 'वात' शब्दाचे तरी काय झाले? इंग्रजीत त्याला 'विंड' म्हटले की साहेबाला पोटातला वारा आठवतो. आपली सांधेदुखी त्यात बसत नाही.

आम्हांस असे वाटते की, भाषांतर असे असावे ज्यातून मूळ शब्दापर्यंत परत जाता येईल. घरोघरी सोपा शब्द चालेल. पण पुस्तकात मूळ शब्दही हवा, आणि औषधाच्या पाकिटावर वनस्पतीचे लॅटिन नाव हवेच. आपली मुले तीन-चार भाषांत वाढतात. एका भाषेतला शब्द दुसरीत जाताना मागे काय राहिले, हे विचारण्याची सवय त्यांना आपणच लावली पाहिजे.