चव मराठीत, प्रश्नावली इंग्रजीत!

खाद्यविज्ञान म्हटले की प्रयोगशाळा आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. या शास्त्राचा भाषेशी काय संबंध, असे कोणीही विचारील. पण पदार्थ तपासणे वेगळे आणि तो खाणारा माणूस समजून घेणे वेगळे. लोक काय विकत घेतात, का घेतात, कोणती चव नाकारतात, यावरही आज पदव्युत्तर संशोधन होते. तेथे पहिले साधन भाषाच असते.

या संशोधनात नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी सर्रास वापरतात. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, सैनिकांना कोणते अन्न रुचते हे जाणण्यासाठी ती अमेरिकन लष्कराच्या संस्थेत तयार झाली. एका टोकाला ‘अत्यंत आवडले’, दुसऱ्या टोकाला ‘अत्यंत नावडले’. तिचे शब्दशः मराठी केले की ‘मध्यम आवडले’ असे काहीतरी हाती येते. आपल्या गावात असे कोण बोलते? आपण म्हणतो, ‘बरे आहे’, ‘चालेल’, ‘झकास’. त्यातले ‘बरे आहे’ हे आवडीचे की नावडीचे, ते बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते. संशोधकाने ते चुकीच्या पायरीवर नोंदवले की पुढचे सारे गणित चुकले.

आणखी एक उदाहरण पाहा. आईस्क्रीम किंवा चॉकलेट जिभेला कणीदार लागले तर तो दोष मानतात. पण आपल्याकडे तूप रवाळ असेल तर ती शाबासकी! बेळगावच्या कुंद्याची परीक्षा परक्या शब्दांत घेतली, तर गुण दोषाच्या रकान्यात जाऊन बसेल. खमंग, खरपूस, कुरकुरीत, खुसखुशीत हे आपल्या घरातले चार शब्द चार वेगळे अनुभव सांगतात. प्रश्नावलीत ते नसतील तर उत्तरात कोठून येणार?

वेष्टनाची गोष्टही तीच. २०२०च्या नियमांनुसार त्यावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. अन्य भाषा जोडण्यास मुभा आहे, सक्ती नाही. लिपी आपली, म्हणून आपण वाचतो. पण अर्थ लागतोच असे नाही. हिंदीतील ‘वसा’ म्हणजे स्निग्धांश. आमच्या आयाबहिणींना वसा ठाऊक आहे तो व्रताचा! मधुमेही किंवा हृदयरोगी माणसाने अशा वेष्टनावरून काय बोध घ्यायचा? ग्राहक वेष्टन वाचत नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याला ते समजते का, हे विचारले पाहिजे.

म्हणून सीमाभागातील मराठी शाळांतून शिकून पुढे गेलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. म्हैसूरची केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून काम करीत आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठात आणि परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातही या विषयांचे शिक्षण मिळते. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला तरी गावात नेण्याची प्रश्नावली मराठीत करता येते. एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यावे आणि मग दोन्ही ताडून पाहावीत, ही या शास्त्रातली मान्य रीत आहे. शेजारच्या कन्नड घरासाठी ती कन्नडमध्येही व्हावी. तेथील आजीलाही आपली चव आपल्याच शब्दांत सांगायची असते.

मराठीमुळे आपण विज्ञानात मागे पडू, ही भीती अनेक पालकांना वाटते. या विषयात मात्र गावाची बोली जाणणारा विद्यार्थी चार पावले पुढेच असतो. ही शिदोरी त्याने घरी ठेवून जाऊ नये.