पायाचा अंगठा आणि इतर अवजारे

२००६ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याजवळच्या मळवलीत आठवडाभरात शंभर घरे उभी करण्याचा घाट घातला गेला. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचा तो उपक्रम. देशोदेशीचे स्वयंसेवक आले, हॉलिवूडचा ब्रॅड पिट आला. बघ्यांच्या नजरा कुठे खिळल्या असतील हे वेगळे सांगायला नको. त्याच गर्दीत ८२ वर्षांचे जिमी कार्टर होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ही त्यांची जगाला ठाऊक असलेली ओळख. त्यांच्या आई लिलियन यांनी साठी उलटल्यावर ‘पीस कोअर’मधून येऊन विक्रोळीत परिचारिकेचे काम केले होते, म्हणजे महाराष्ट्राशी या घराचे नाते जुने. मळवलीतले काम गवंड्याचे होते; कार्टर यांचा खरा जीव मात्र लाकडात.

१९८१ च्या जानेवारीत व्हाइट हाउस सोडायची वेळ आली, तेव्हा मंत्र्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना एक जीप भेट द्यायचे ठरवले. कुणकुण लागताच कार्टर यांनी निरोप धाडला, की जीप राहू द्या, सुतारकामाची अवजारे द्या. मग ‘सिअर्स’च्या दुकानातून यंत्रे आली आणि जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या गावी त्यांच्या गॅरेजची कार्यशाळा झाली. ही हौस काही निवृत्तीनंतर सुचलेली नव्हती. शेतावरच्या घरी लोहारकाम-सुतारकामाची खोपटी होती, तिथे लहानपण गेले. पुढे नौदलात असताना तळावरच्या कार्यशाळेत त्यांनी संसाराला लागणारे फर्निचर स्वतःच केले. राष्ट्राध्यक्ष असतानाही ती सुटली नाही! त्यानंतर खाटा, पाळणे, बुद्धिबळाचे पट, हिकरीच्या ओल्या लाकडाच्या खुर्च्या असे शंभरावर नग त्यांच्या हातून झाले. गावातल्या चर्चमधला क्रूस त्यांनीच घडवला, दानाची लाकडी ताटे त्यांनीच लेथवर कातली. २०२४ च्या डिसेंबरात, वयाची शंभरी गाठून ते गेले.

हौशी सुतारांची जातकुळी शोधायला लागले की अशीच माणसे भेटतात. मथायस वांडेल हा कॅनडातला सॉफ्टवेअर अभियंता ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याने चक्क लाकडाची बँडसॉ बनवली आणि तिचे नकाशे विकायला काढले. लेनर्ड ली हे कॅनडा सरकारचे अधिकारी. १९७८ मध्ये त्यांनी ओटावात अवजारांचा व्यवसाय थाटला आणि ‘ली व्हॅली’ हे नाव हौशी जगात घरोघरी गेले. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, हिशेबनीस अशी ही वस्ती. दिवसभराच्या कामातून हाताला लागेल अशी वस्तू निघत नाही, अशी बहुतेकांची नोकरी. हौसेमागचे हे कारण खरेच आहे, पण त्यावर बरेच लिहून झाले आहे. त्याहून मजेची गोष्ट त्यांच्या अवजारांत आहे, आणि ती कळायला आधी आपल्या गावातल्या सुताराकडे बघावे लागते.

बारा बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुत्याचा जो सगळा व्यवहार मांडला आहे, त्यात सुताराचे काम नांगर, पाभर, गाडी यांच्याभोवती फिरते आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यातून मिळतो. खंडेनवमीला करवत-वाकस-रंध्याची पूजा होते, ती आजही. हे काम जन्माने आलेले. बाकीच्यांनी अवजाराला हात लावायचा नाही असा काही लेखी नियम नव्हता, पण लावायचे कारणही पडत नसे. गावोगावची हुशार डोकी शतकानुशतके रंध्याला न शिवता मोठी झाली. हौशी सुतार ही जमात आपल्याकडे उशिरा उगवली याचे मूळ जागेच्या टंचाईपेक्षा इथे अधिक आहे.

हा सुतार काम कसा करतो? जमिनीवर बसून. फळी एका पायाने दाबलेली, लहान तुकडा दोन तळव्यांत धरलेला, पायाचा अंगठा पाचरीच्या जागी. वाकसाचा घाव बोटापासून दोन अंगुळे दूर पडतो आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सुतार गप्पा मारत असतो. सहाव्या-सातव्या वर्षापासून बापाशेजारी बसलेल्या शरीराचे हे शिक्षण आहे. त्याला शिकंजा लागत नाही, टेबल लागत नाही. कार्यशाळा त्याच्यासोबत चालत येते, खांद्यावरच्या पिशवीतून.

हौशी माणसाकडे हा अंगठा नाही. तो चाळिशीत शिकायला बसतो, तेव्हा गुडघे कुरकुरतात आणि पावले फक्त चालायच्या कामाची उरलेली असतात. जे सुताराच्या अंगात मुरले आहे ते याला बाहेरून, वस्तूच्या रूपात मिळवावे लागते. म्हणून हौशी सुतारकामाचा इतिहास हा बऱ्याच अंशी युक्त्यांचा इतिहास आहे, आणि त्या युक्त्यांपैकी काही भल्याभल्या व्यावसायिकांनी नंतर निमूटपणे उचलल्या.

रॉन हिकमन यांचे उदाहरण घ्या. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, नोकरी इंग्लंडमध्ये लोटस मोटारींच्या कंपनीत. ‘लोटस इलान’ ही देखणी गाडी त्यांच्या हाताखाली साकारली. १९६१ मध्ये घरी कपाट करताना टेकू म्हणून त्यांनी चांगली स्वीडिश खुर्ची घेतली आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापली. हिकमन यांनी या प्रसंगातून घडी घालता येणारे एक टेबल जन्माला घातले: वरच्या दोन फळ्याच जबड्यासारख्या मिटतात आणि मधे लाकूड पकडतात. हेच ते ‘वर्कमेट’. अवजारांच्या मोठमोठ्या कंपन्यांना ते दाखवून झाले. स्टॅनलीला वाटले, फार तर काही डझन खपतील. १९६८ पासून हिकमन स्वतःच ते विकू लागले. पुढे आधी नकार देणाऱ्या ब्लॅक अँड डेकरनेच ते घेतले आणि जगभर कोट्यवधींनी खपवले. आज मुंबईत इमारतीच्या जिन्याखाली काम करणारा इलेक्ट्रिशियनही तशा घडीच्या टेबलावर पाइप कापताना दिसतो. खुर्चीची किंमत वसूल झाली म्हणायची.

त्याआधी अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांनी दुसरी अडचण सोडवली होती. हे जर्मनीहून आलेले, अर्थशास्त्रातले डॉक्टर. दुसरे महायुद्ध संपले, सैनिक उपनगरांतल्या नव्या घरांत राहायला गेले, गॅरेज मिळाले, पण त्यात गाडीही उभी करायची होती. १९४७ मध्ये गोल्डश्मिट यांनी ‘शॉपस्मिथ’ बाजारात आणला. एकाच मोटरवर लेथ, चकती करवत, उभे ड्रिल, आडवे ड्रिल आणि घासणारी तबकडी. व्यावसायिकाला असले यंत्र परवडत नाही, कारण एका कामावरून दुसऱ्यावर जाताना जोडणी बदलण्यात वेळ मोडतो. हौशी माणसाला मात्र वेळेचा हिशेब कुणी विचारत नाही, निदान घरच्यांच्या कानावर जाईपर्यंत.

तिसरे नाव स्टीव्ह गॅस. भौतिकशास्त्रात पीएचडी, पेशाने पेटंटचे वकील, रविवारचे सुतार. अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन रुग्णालयात जाणाऱ्यांचा सरकारी अंदाज वर्षाला ३० हजारांच्या आसपास आहे. १९९९ मध्ये आपल्या कार्यशाळेत उभे असताना गॅस यांच्या डोक्यात आले, की माणसाचे शरीर वीज वाहून नेते, लाकूड जवळजवळ नेत नाही. मग पात्यात सूक्ष्म विद्युतसंकेत सोडला तर बोट लागताच तो बदलेल. बदल जाणवला, की स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. आधी प्रयोग सॉसेजवर झाले. शेवटी गॅस यांनी स्वतःचे बोट लावून बघितले आणि किरकोळ जखमेवर निभावले. बड्या उत्पादकांनी रस दाखवला नाही, तेव्हा त्यांनी ‘सॉस्टॉप’ ही स्वतःची कंपनी काढली. त्यांची करवत २००४ मध्ये बाजारात आली. एकदा झटका बसला की पाते आणि ठोकळा दोन्ही फेकून द्यायचे. ओल्या लाकडातून वीज वाहत असल्याने ते कधी बोट समजले जाते. तेवढा खर्च बोटापेक्षा स्वस्त!

राजेलोकांचीही एक शाखा आहे. रशियाचा पीटर द ग्रेट १६९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत चार महिने जहाजाचा सुतार म्हणून राबला आणि मेस्त्रीकडून रीतसर दाखला घेऊन गेला. पुढे त्याने लेथचा इतका नाद केला, की आंद्रेई नार्तोव्ह या कारागिराने त्याच्यासाठी नक्षीची नक्कल करणारी लेथयंत्रे रचली. ती सेंट पीटर्सबर्गला अजून बघायला मिळतात. चीनमधल्या मिंग घराण्याचा तियानची सम्राट (कारकीर्द १६२० ते १६२७) त्याहून अस्सल हौशी. तो करवतीत गुंगला, की वेई झोंगशियान हा खोजा नेमके तेव्हा कागद पुढे करी. सम्राट हात न थांबवता म्हणे, तूच बघ काय ते. राज्य खोज्याच्या हाती गेले आणि सम्राटामागे सतरा वर्षांत घराणेही बुडाले. छंदाच्या दुष्परिणामांचा याहून मोठा दाखला कुणाकडे असल्यास त्याने पुढे यावे.

आवडते अवजार कोणते, असे विचारले की हौशी लोकांत बहुमत एका गोष्टीकडे झुकते: हाताचा रंधा. त्यातही जुना लोखंडी. लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराने पात्याची खोली स्क्रू फिरवून कमीजास्त करण्याची सोय काढली आणि १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने त्याचे हक्क घेतले. लाकडी रंध्यात पाचर ठोकून, पाते डोळ्याने पारखून जे साधावे लागे ते एका पितळी चाकीवर आले. इथेही पुन्हा तीच कथा: मुरलेल्या डोळ्याचे काम स्क्रूने केले. स्टॅनलीचा चार नंबरचा रंधा, दोन इंची पात्याचा, आजही मूळ घडणीत बनतो. मधल्या काळात दर्जा घसरला, तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्यात टॉमस ली-नील्सन यांनी १९८१ मध्ये पितळी धातूचा एक लहान रंधा हातात घेऊन जुन्या नमुन्यांचे पुनरुज्जीवन सुरू केले. गिऱ्हाईक बहुतांशी हौशीच. रोजंदारीवरचा सुतार एवढे पैसे रंध्यावर कशाला घालेल?

पुण्या-मुंबईतल्या हौशी सुताराची वाट बुधवार-रविवारच्या पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून जाते. गंजलेला रंधा, मूठ तुटलेली पटाशी, शेफील्डचा शिक्का अर्धा पुसलेली करवत. नव्यासाठी बोहरी आळी आणि नागदेवी स्ट्रीट आहेतच; देशी रंधे बरेचसे जालंधरकडून येतात. लाकूड मिळवणे त्याहून रंजक. पाडलेल्या वाड्यांचे सागवान, तुळया, दारांच्या चौकटी. असे लाकूड शतकभर वाळलेले असते, आता पिळवटणार नाही; मात्र त्यात लपलेला एक खिळा पात्याची धार क्षणात घालवतो, म्हणून जाणते लोक आधी चुंबक फिरवून घेतात. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे खिळा नसला तरी धार लवकर बोथटते.

गॅरेज हा शब्द इथे पार्किंगपुरता. कार्यशाळा म्हणजे बाल्कनी, गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा, नाही तर गावाकडचे बंद घर. युरोपी पद्धतीचे भक्कम बाक शंभर किलोंच्या पुढे जाते. चौथ्या मजल्यावर ते चढवायचे, तर सोसायटीच्या चिटणीसांपासून लिफ्टच्या फलकापर्यंत सगळे आडवे येतात. यंत्राचा आवाज दुपारी दोन ते चार चालत नाही, रात्री तर नाहीच. म्हणून शहरी हौशी माणूस हाताच्या अवजारांकडे वळतो. पुष्कळांच्या हाती ओढून कापायची जपानी करवत असते: पाते पातळ, आवाज कमी, भुसा कमी. भुसा मात्र थोडाही हलक्यात घेऊ नये. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत टाकले आहे. मास्क लावून रंधा मारणारा माणूस बघून शेजारी हसतात, त्यांना हसू द्यावे.

पावसाळा नवशिक्याची खरी परीक्षा घेतो. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला फुगते. फूटभर रुंद सागाची फळी मे आणि ऑगस्ट यांच्यात दोनेक मिलिमीटर सहज बदलते. आंबा किंवा अकेशिया असेल तर आणखी. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला खण श्रावणात उघडत नाही. चौकटीत चारी बाजूंनी गोंदाने चिकटवलेला तक्ता पुढच्या एप्रिलमध्ये मधोमध तडकतो. कोकणातल्या जुन्या दारांकडे नीट बघितले, तर चौकटीच्या खाचेत तक्ता मोकळा सोडलेला दिसतो, गोंद नाही, खिळा नाही, वाढायला जागा ठेवलेली. पुस्तकात हेच चार पानांत समजावलेले असते.

पुस्तकापेक्षा जाणत्याशेजारी बसून शिकण्याचा विषय निघाला, की जपानी वंशाचे अमेरिकी जॉर्ज नाकाशिमा यांचा अनुभव आठवतो. वास्तुशास्त्राची पदवी, टोकियोत नोकरी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुद्दुचेरीला अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ इमारतीवर काम. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडले. आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत गेंतारो हिकोगावा हे पारंपरिक जपानी सुतार त्यांना भेटले, आणि टाकाऊ लाकडावर, त्यांच्याशेजारी बसून, वास्तुतज्ज्ञ पुन्हा उमेदवार झाला. पुढे जगाने ज्यांची टेबले संग्रहालयांत ठेवली त्या नाकाशिमांचे हात तिथे घडले.

आपल्याकडे अशा शेजारी बसण्याला आता वेगळीच अडचण आहे. प्लायवूड आणि सनमायका आल्यापासून शहरातल्या सुताराचे काम मोजमाप, कापणी, चिकटवणे आणि खिळे मारणाऱ्या बंदुकीवर आले. घन लाकडात चौकोनी भोक पाडून त्यात कुसू बसवणे कुणी सांगत नाही, सांगितले तर मजुरी ऐकून माघार घेतो. परिणाम असा, की हाताने सांधे कापणारा, रंध्याची साल उजेडात धरून जाडी बघणारा माणूस आज बरेचदा आयटीतला असतो, तर जन्माने सुतार असलेला त्याच वयाचा तरुण मॉड्युलर किचनच्या साइटवर. पटाशीला धार कशी लावायची हे विचारायला पहिला दुसऱ्याच्या वडिलांकडे जातो. वडील ओसरीवर बसतात, दगड पायांत धरतात, आणि त्याला खाली बसायला सांगतात.