जिल्हा न्यायाधीशांवर नियंत्रण कोणाचं?

सप्टेंबर १९८९. गुजरातमधल्या नडियादला पोलिसांनी तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना जबरदस्तीने दारू पाजली, दोराने बांधलं, बेड्या घातल्या आणि वर फोटोही काढले. पोलीस कोर्टाच्या कामात सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार या न्यायदंडाधिकाऱ्यांनी केली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची चर्चा आपण दिल्लीपुरती करतो. कसोटी लागते ती तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात.

म्हणूनच जिल्हा न्यायाधीश देशपातळीवर निवडण्याचा, म्हणजेच अखिल भारतीय न्यायिक सेवेचा प्रस्ताव बारकाईने वाचायला हवा. कल्पना जुनी आहे. सेटलवाड यांच्या विधी आयोगाने १९५८ मध्ये ती मांडली. पुढे आणीबाणीत ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ३१२ मध्ये तिची सोय झाली. गुणवान तरुणांना, विशेषतः वंचित समाजांतल्या मुलामुलींना, देशपातळीवरच्या परीक्षेतून संधी मिळावी, असं राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २०२३ मध्ये सुचवलं. ही तळमळ रास्तच आहे.

पण या सेवेत जिल्हा न्यायाधीशाच्या खालचं पद घेताच येत नाही. सामान्य माणूस पहिल्यांदा ज्याच्यासमोर उभा राहतो, तो कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश बाहेरच राहणार. तिथली रिकामी पदं या परीक्षेने कशी भरणार?

भाषेचाही प्रश्न आहेच. बांधाच्या दाव्यात साक्षीदार उलटतपासणीत सांगतो, ‘सातबारा भावाच्या नावावर, पण वहिवाट आमचीच.’ हे न्यायाधीशाला थेट कळलं पाहिजे. तरी भाषा शिकता येते. परप्रांतीय जिल्हाधिकारी शिकतातच.

खरी भीती वेगळी आहे. जिल्हा व त्याखालच्या न्यायाधीशांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असावं, हे डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये संविधान सभेत आग्रहाने मांडलं. आज बदली, रजा, शिस्तभंगाची कारवाई कलम २३५ मुळे उच्च न्यायालयाच्या हाती आहे. आता कलम ३१२ चा चौथा खंड वाचा. राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला, की संसद या सेवेसाठी साधा कायदा करून, कलम २३५ ज्यात येतं ते संविधानातलं प्रकरण गरजेनुसार बदलू शकते, आणि ती घटनादुरुस्ती मानली जाणार नाही. परीक्षा देशभर एकच घ्यायची तर खुशाल घ्या. मात्र ज्या विधेयकात कलम २३५ जसंच्या तसं राहील असं लिहिलेलं नसेल, त्याला राज्यांनी आणि वकील संघटनांनी ठाम विरोध केला पाहिजे.