दहा किलोची ओढ, दीडशे किलोचा भार

होडी पाच-सहा नॉटनं चालली आहे, मागे नकली मासोळ्या पाणी कापत येतायत आणि चार काठ्या काठावरच्या चार नळ्यांत उभ्या आहेत. सुरमई झडप घालते ती अशा वेळी. काठी वाकते, रील किर्र करत दोर सोडू लागतं आणि माणूस जागेवरून उठेपर्यंतचे दोन-चार सेकंद सगळा मामला त्या नळीच्या हाती असतो.

ही नळी म्हणजे रॉड होल्डर. हौशी मासेमारीच्या दुकानात गेलात तर प्लॅस्टिकच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, चकचकीत स्टीलच्या अशा ढीगभर नळ्या दिसतील. गिऱ्हाईक हमखास एकच प्रश्न विचारतं : किती किलोच्या माशाला चालेल? प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर नळीत नाही. ती नळी ज्या फळीत किंवा फायबरमध्ये बसणार, तिथे आहे.

माशाचं वजन इथे जवळजवळ गौण. पाण्यातल्या माशाचं वजन पाणीच तोलून धरतं. काठीला जाणवते ती त्याची ओढ, आणि त्या ओढीवर मर्यादा घालतो रीलमधला ड्रॅग. ड्रॅग म्हणजे एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या. ओढ ठरावीक जोरापलीकडे गेली की चकत्या घसरतात आणि दोर सुटू लागतो. दोर जितक्याला तुटतो त्याच्या साधारण एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा, हा गरवणाऱ्यांचा जुना हिशेब. दोर ३० किलोचा असेल तर ड्रॅग १० किलोवर.

आता या १० किलोंचं काठावर पोचेपर्यंत काय होतं ते पाहू. दोन मीटरची काठी वाकल्यावर तिचं टोक डेकपासून साधारण दीड मीटर उंचीवर राहतं. दोर मागे जवळपास आडवा ताणलेला. म्हणजे काठी ही दीड मीटर लांबीची पहार झाली. तिचा टेकू कुठे? होल्डरची वरची चकती, म्हणजे फ्लँज, जिथे डेकवर मागच्या बाजूनं दाबली जाते तिथे. आणि उपटलं काय जातंय? त्या टेकूपासून साधारण १० सेंटिमीटरवरचे, समोरच्या कडेचे स्क्रू. दीड मीटर भागिले १० सेंटिमीटर म्हणजे पंधरा. दहा किलोची ओढ त्या स्क्रूंपाशी दीडशे किलोची होते.

हा झाला सगळं सुरळीत चाललेला दिवस. मिठानं ड्रॅग जाम झाला, रीलवर दोराचा गुंता झाला किंवा गळ खडकात नाहीतर कुणाच्या जाळ्यात रुतला, तर ओढ १० किलोवर थांबत नाही. टनावारी वजनाची होडी पुढे चाललेली असते. ओढ दोर तुटेपर्यंत, म्हणजे ३० किलोपर्यंत चढते आणि स्क्रूंवर साडेचारशे किलो येतात. म्हणून होल्डर बसवताना माशाचा विचार बाजूला ठेवून दोराचा करावा. या साखळीत पहिल्यांदा तुटायचा तो दोर. तो दीड-दोनशे मीटर गेला तरी परत घेता येतो. काठी, रील आणि डेकचा टवका एकदम समुद्रात जाणं परवडत नाही.

त्यात अलीकडे विणीचा, म्हणजे ब्रेडेड दोर आला. पॉलिएथिलिनच्या धाग्यांचा हा दोर तसूभरही ताणत नाही म्हटलं तरी चालेल. जुना नायलॉनचा एकधागी दोर तुटण्याआधी वीसेक टक्के लांबतो आणि हिसका गिळतो. ब्रेडेड दोर तो हिसका जसाच्या तसा काठीकडे पाठवतो. काठी लवचीक असते हे आपलं नशीब.

होल्डर तिरपा का असतो, हाही प्रश्न येतो. बाजारात ० अंश म्हणजे सरळ उभे, १५ अंशांचे आणि ३० अंशांचे मिळतात. चालत्या होडीमागून आमिष ओढण्यासाठी, म्हणजे ट्रोलिंगसाठी, ३० अंशांचा जास्त चालतो. काठी मागे झुकली की टोकाची उंची कमी होते, पहार आखूड होते, हे खरंच. पण त्रिकोणमितीनं पाहिलं तर ३० अंशांनी ही बचत जेमतेम १३ टक्के होते. खरा फायदा वेगळा. मागच्या कोपऱ्यातल्या दोन काठ्या थेट मागे आणि कडेच्या दोन बाहेरच्या अंगाला झुकवल्या की चार दोरांमध्ये अंतर पडतं, आणि होडी वळताना त्यांची वेणी होत नाही. कडेचे होल्डर सरळ मागे तोंड करून बसवले, तर पहिल्याच वळणावर सगळा दिवस गाठी सोडवण्यात जातो.

आणखी एक गंमत. काठीवर आडवी ओढ आली की ती नळीत तिरकी होऊन बसते. वरच्या ओठावर आणि तळाशी ती विरुद्ध दिशांना दाबली जाते. वीसेक सेंटिमीटरच्या नळीत आपल्याच हिशेबानं हा दाब प्रत्येकी ७०-८० किलो भरतो. त्या दाबामुळे एवढं घर्षण तयार होतं की मासा जितका जास्त ओढेल तितकी काठी नळीत पक्की. उपटायला जाल तर हलणार नाही. अशा वेळी तांडेलानं इंजिनाचा वेग उतरवायचा, ओढ सैल होताच काठी उचलायची. १९३९ साली स्थापन झालेली आयजीएफए ही संस्था क्रीडा-मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवते. तिचा नियमच आहे, की मासा लागताच काठी शक्य तितक्या लवकर होल्डरमधून हातात घ्यायची. होल्डरमध्ये काठी ठेवून माशाशी झुंजलात तर विक्रम बाद.

पण ओढ काठीच्याच रेषेत आली तर चित्र पालटतं. मग तिरका दाब नाही, घर्षण नाही, आणि काठी नळीतून सुळकन निघून जाऊ शकते. नळीच्या तळाशी जी आडवी पिन असते ती काठीला गोल फिरण्यापासून अडवते, निसटण्यापासून नाही. म्हणून प्रत्येक काठीला एक दोरीचा फास हवाच. महागड्या होल्डरपेक्षा ही दोरी जास्त काठ्या वाचवते असं माझं मत आहे.

परदेशी छायाचित्रांत दिसतात ते होल्डर काठाच्या रुंद, पोकळ पट्टीत वरून भोक पाडून उतरवलेले असतात. आपल्याकडच्या उघड्या फायबर होड्यांना पुष्कळदा अशी पोकळ पट्टीच नसते. अट्टहासानं तसं भोक पाडू नये. काठाच्या आतल्या उभ्या अंगाला, वर-खाली दोन पट्ट्यांनी आवळून बसणारा होल्डर घ्यावा. वरच्या आणि खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर मिळालं, की मघाच्या हिशेबातले दीडशे किलो पाऊणशेवर येतात. दिसायला हा होल्डर तितका देखणा नाही, पण यंत्रशास्त्र त्याच्या बाजूनं आहे. पाइपच्या कठड्याला क्लँपनं आवळायचा प्रकार हलक्या काठ्यांना ठीक. जोर आला की क्लँप गोल पाइपावर फिरतो. लाकडी मचव्यावर बसवायचा तर नुसत्या फळीत न ठोकता आतल्या वाकात आरपार बोल्ट जाईल अशी जागा शोधावी.

आता धातू. दुकानदार ‘एसएस आहे, गंजत नाही’ म्हणतो तेव्हा कुठलं एसएस, हे विचारावं. स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार करतं. ओरखडा पडला तरी हा पापुद्रा पुन्हा जमतो. स्टेनलेसचं स्टेनलेसपण एवढ्याशा थरावर उभं आहे. समुद्रातले क्लोराइड आयन नेमका तो थर ठिकठिकाणी भेदतात आणि बारीक खड्डे पडू लागतात. ३१६ या प्रतीच्या स्टीलमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते या खड्ड्यांना अटकाव करतं. ३०४ मध्ये ते नसतं, म्हणून खाऱ्या वाऱ्यात त्यावर लवकर तपकिरी डाग धरतात. आपल्या बाजारात जिन्याच्या कठड्यांसाठी सर्रास मिळणारं २०२ त्याहून हलकं. त्यातलं बरंचसं निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं. चकाकी तिघांची सारखीच. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, कारण दोन्ही जवळपास अचुंबकीय. बिलावर प्रत लिहून घेणं हाच सामान्य माणसाचा उपाय.

मात्र ३१६ घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नये. त्या पापुद्र्याला जगायला ऑक्सिजन लागतो. फ्लँजच्या खाली, बोल्टच्या दांड्याभोवती, जिथे खारं पाणी शिरतं पण हवा खेळत नाही, तिथे पापुद्रा दुरुस्त होत नाही. क्लोराइड साठत जातं, पाणी आम्लधर्मी होतं आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. वरून होल्डर लखलखीत, आणि खाली बोल्ट पेन्सिलीच्या शिशाएवढा उरलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या होल्डरला स्टीलचे स्क्रू लावले तर खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की हेच चाललंय असं समजावं. मध्ये नायलॉनचे वॉशर घातले तर हे बरंच टळतं.

आणि पीव्हीसीचा पाइप? कापला, दोन पट्ट्यांनी आवळला, झालं काम. मी त्याला नावं ठेवणार नाही. हलक्या काठीला, काठी नुसती उभी ठेवायला तो उत्तम. पण उन्हातली अतिनील किरणं पीव्हीसीच्या रेणूसाखळीतून हायड्रोजन क्लोराइड तोडून काढतात, पाइप पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पिवळा पडलेला पाइप बदलावा.

बसवायला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे जून-जुलैची मासेमारी बंदी, होड्या वर काढलेल्या असतात तेव्हा. मात्र फायबर कोरडं हवं, म्हणून काम छपराखाली करावं. डेकमध्ये उतरवायचा होल्डर असेल तर आधी खालून हात घालून पाहावं : डिझेलची नळी, वायर, सुकाणूची केबल यांपैकी काही वाटेत आहे का. मग पुठ्ठ्याचा साचा. ४८ मिलिमीटर व्यासाची गोल नळी ३० अंशांत डेक पार करते तेव्हा भोक गोल लागत नाही, लंबगोल लागतं : रुंदी ४८, लांबी सुमारे ५५. साचा न करता गोल भोक पाडणारे नंतर कानशीनं घाम गाळत बसतात.

भोकाच्या जागी चिकटपट्टी लावावी आणि होल-सॉ आधी उलटा फिरवावा. वरचा जेलकोट हा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, ठिसूळ. सरळ दात लागले की त्याचे टवके उडतात, उलट्या दातांनी तो घासून कापला जातो. बोल्टच्या भोकांचे काठही किंचित उतरते करावेत, नाहीतर बोल्ट आवळताना तिथून केसाएवढ्या चिरा फुटतात. भोक पडल्यावर कापलेली चकती हातात घेऊन तिची कड पाहावी. सगळं घट्ट फायबर असेल तर उत्तम. मध्ये प्लायवूड, बाल्सा किंवा फोमचा थर दिसला तर तिथेच थांबावं. त्या थरात पाणी शिरलं की लाकूड कुजतं, फोम भिजतो, आणि दोन-तीन हंगामांत डेक पायाखाली दबू लागतो. भोकाभोवतीचा तो थर सेंटिमीटरभर कोरून काढायचा, त्या जागी घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि ते सुकल्यावर बोल्टसाठी पुन्हा भोक पाडायचं. काम एका दिवसानं लांबतं. लांबू द्यावं.

स्क्रू टाळावेत. पाच मिलिमीटर फायबरमध्ये स्क्रूचे आटे धरणार तरी किती? आरपार बोल्ट आणि खाली आधारपट्टी हवी. तीन मोठे वॉशर मिळून साधारण साडेसहा चौरस सेंटिमीटर जागा दाबतात. १२ बाय १० सेंटिमीटरची पट्टी नळीचं भोक वजा जाता शंभर चौरस सेंटिमीटर दाबते. तोच भार पंधरापट जागेवर पसरला, म्हणजे फायबरवरचा दाब पंधराव्या हिश्श्यावर आला. सबंध कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू ही पट्टी, आणि नेमकी तीच खाली दिसत नाही म्हणून गाळली जाते.

सीलंट पॉलियुरेथेनचं, समुद्रकामाचं घ्यावं. बाथरूमचं सिलिकॉन नको. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण सुकताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि एकदा ते फासलं की पुढे त्या जागी दुसरं काही नीट चिकटत नाही. सीलंट फ्लँजखाली तर लावावंच, प्रत्येक बोल्टच्या मानेभोवतीही लावावं. आवळताना बोल्ट स्थिर धरून खालचा नट फिरवावा, म्हणजे मानेभोवतीचं सीलंट तुटत नाही. स्टीलच्या बोल्टवर स्टीलचा नट वेगानं फिरवला तर दोन्ही आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होतात. ग्रीसचं बोट लावावं, सावकाश फिरवावं.

सीलंट पूर्ण सुकल्यावर, समुद्रात जाण्याआधी, एक चाचणी किनाऱ्यावरच करून घ्या. काठी होल्डरमध्ये ठेवा, दोराचं टोक लटकत्या वजनकाट्याला अडकवा आणि ड्रॅग घसरेपर्यंत मागच्या दिशेनं ओढा. काटा किती दाखवतो ते एकानं पाहावं, दुसऱ्यानं फ्लँजच्या समोरच्या कडेवर बोट ठेवावं. डेक बोटाला उचललेला जाणवला किंवा फ्लँजखाली फट दिसली, तर आधारपट्टी मोठी करा. हीच चाचणी दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा करा, आणि तेव्हा एखादा बोल्ट काढून त्याची मान तपासायला विसरू नका.