थेंब किती हळू पडतो, यावरून इलेक्ट्रॉनचा प्रभार

मधाच्या बरणीत छोटी पोलादी गोळी सोडून बघा. क्षणभर तिचा वेग वाढतो आणि मग ती एकाच संथ वेगाने खाली जात राहते. असं का होतं?

गोळीवर तीन बलं असतात: खाली ओढणारं वजन, वर ढकलणारं प्लावक बल आणि मधाच्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, होणारा विरोध. पहिली दोन बदलत नाहीत, विरोध मात्र वेगाबरोबर वाढतो. तिन्ही बलांचा तोल साधला की वेग वाढायचा थांबतो. यालाच आपण अंतिम वेग म्हणतो.

जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दाखवलं, की सावकाश पडणाऱ्या गोलावरचा विरोध श्यानता, त्रिज्या आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. आता वजन वाढतं त्रिज्येच्या घनाप्रमाणे, विरोध नुसत्या त्रिज्येप्रमाणे. म्हणून त्याच धातूची दुप्पट त्रिज्येची गोळी चौपट वेगाने पडते.

हेच सूत्र आपण उलटं वापरलं तर? रॉबर्ट मिलिकन यांनी नेमकं तेच केलं. त्यांचे तेलाचे थेंब इतके बारीक, की दुर्बिणीतून नुसते चमकते ठिपके दिसायचे. त्रिज्या मोजणार कशी? पण हवेत पडण्याचा वेग मोजता येतो. वेगावरून त्रिज्या, त्रिज्येवरून वजन. मग विद्युतक्षेत्राने थेंब वर ओढायचा, की त्यावरचा प्रभार कळतो. हे प्रभार एकाच लहानात लहान प्रभाराच्या पटीत निघाले. तोच इलेक्ट्रॉनचा प्रभार.

१९१३ मध्ये त्यांना मिळालेला आकडा, कूलोममध्ये, १.५९२ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात. आजचा आकडा १.६०२. फरक साधारण ०.६ टक्के. तो आला कुठून? हवेची श्यानता सुमारे ०.४ टक्के कमी धरली गेली होती. त्रिज्या श्यानतेच्या वर्गमुळाप्रमाणे ठरते, वजन त्रिज्येच्या घनाप्रमाणे. म्हणजे प्रभार श्यानतेच्या दीड घाताप्रमाणे. ०.४ ची दीडपट ०.६!

आणखी हजार थेंब मोजले असते तरी ही चूक सापडली नसती, कारण ती प्रत्येक थेंबात सारखीच होती. १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या वेगळ्या पद्धतीचं उत्तर जुळेना, तेव्हा हवेची श्यानता पुन्हा मोजली गेली.

पुढच्या भागात आपण पावसाच्या टपोऱ्या थेंबाकडे वळू. तो इतका वेगाने पडतो, की तिथे स्टोक्सचा नियम चालत नाही.