वऱ्हाडातील उन्हाळा आणि गृहशीतन साधनांची देखभाल : काळ, वारंवारता व कारणमीमांसा

प्रस्तावना

अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहून वर जाणे ही नवलाईची बाब राहिलेली नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर पोहोचले की भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. हा निकष लक्षात घेता कूलर व वातानुकूलन यंत्र (एसी) ही साधने येथे चैनीची न राहता आरोग्यरक्षणाची ठरतात. तथापि, त्यांची देखभाल केव्हा व किती वेळा करावी याविषयी बहुतेक कुटुंबांत निश्चित विचार आढळत नाही. यंत्र बंद पडले की कारागिराला बोलावणे, हीच रूढ पद्धती होय. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका सर्व प्रदेशांसाठी एकच असते; वऱ्हाडची धूळ, येथील पाणी व येथील ऋतुक्रम यांचा विचार तीत नसतो. प्रस्तुत लेखात या तीन घटकांच्या आधारे देखभालीचे स्थानिक वेळापत्रक मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

ऋतुक्रम व शीतन साधनांची कार्यक्षमता

पाण्याचे बाष्पीभवन होताना हवेतील उष्णता शोषली जाते, या तत्त्वावर कूलर चालतो. पूर्वीच्या वाळ्याच्या ताट्यांमागेही हेच तत्त्व होते. तापमान ४४ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या फुग्याच्या तापमापकाचे तापमान सुमारे २३ अंश येते. ताट्या चांगल्या भिजत असतील, तर कूलरची हवा साधारण २७ अंशांपर्यंत उतरू शकते. याउलट ३४ अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रता असताना हे तापमान ३० अंशांच्या जवळ असल्याने कूलरचा लाभ तीन अंशांपलीकडे जात नाही. म्हणूनच मृग नक्षत्राच्या सरी आल्या की कूलर निरुपयोगी वाटू लागतो. तो दोष यंत्राचा नसून हवेचा असतो. मात्र भर एप्रिलमध्ये कूलर थंड हवा देत नसेल, तर कारण ताट्यांत, पंपात वा पाण्यात शोधले पाहिजे.

खारपाणपट्टा व कूलर

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट आदी भागांतील भूजलाची क्षारता सर्वांच्या परिचयाची आहे. नळाचे पाणी रोज न मिळणाऱ्या वस्त्यांत कूलरसाठी बोअरचे पाणी वापरले जाते आणि प्रश्नाची सुरुवात येथूनच होते.

बाष्पीभवनात पाणी जाते, क्षार मागे राहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती २००० मिलिग्रॅमपर्यंत शिथिल होते. पाणी स्वीकार्य मर्यादेतील आहे आणि कूलर दिवसाला १०० लिटर पाणी उडवतो असे गृहीत धरू. तेव्हा रोज ५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो क्षार कूलरमध्ये साचतील. टाकी ५० लिटरची असून पाच दिवस केवळ वरून पाणी भरत राहिल्यास क्षारांचे प्रमाण मूळच्या अकरा पट होते. पाणी २००० मिलिग्रॅमचे असेल, तर साचणाऱ्या क्षारांचे वजन चौपट धरावे लागेल. यांतील काही भाग ताट्यांवर पांढऱ्या थरांच्या रूपाने बसतो, हवेची वाट अडते आणि पंखा फिरत असूनही खोली थंड होत नाही.

यावर उपाय साधा आहे. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करावी. ते पाणी झाडांना न घालता शौचालयासाठी वापरावे. खाऱ्या पाण्याच्या वस्तीत ताट्या हंगामाच्या मध्यावर पाहून आवश्यक तर बदलाव्यात.

विद्युत सुरक्षितता

क्षारांचा अधिक गंभीर परिणाम सुरक्षिततेवर होतो. खारे पाणी पत्र्याला गंज चढवते, पंपाच्या तारेवरील आवरण खराब झाले असेल तर तेथे शिरते आणि गोड्या पाण्यापेक्षा वीज अधिक सहजतेने वाहून नेते. पत्र्याच्या कूलरला ओला हात लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात वाचावयास मिळतात; त्यांमागील प्रक्रिया हीच आहे. अनेक घरांत एमसीबी आहे म्हणून निर्धास्तता असते. परंतु एमसीबी अतिभार व शॉर्टसर्किटपासून तारांचे रक्षण करते. माणसाच्या शरीरातून जाणारा अल्प प्रवाह तिला जाणवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी व सुस्थितीतील आर्थिंग आवश्यक असते. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढणे हा नियम घरातील लहान मुलांसह सर्वांनी पाळावा. उन्हाळी परीक्षांच्या काळात महाविद्यालयांच्या खोल्यांत कूलर लावले जातात, त्यांनाही हेच लागू आहे.

वातानुकूलन यंत्र

वऱ्हाडात आधी धूळ येते आणि मागाहून ओल. एप्रिल-मे महिन्यांतील वावटळींची धूळ, तसेच जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू जाळीत व बाहेरील युनिटच्या पात्यांत अडकतात. जाळी तुंबली की हवेचा प्रवाह घटतो, कॉइलवर बर्फ धरू शकतो, कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो व वीजदेयक वाढते. कोरड्या हवेत निचऱ्याचे पाणी अल्प असल्याने ही धूळ तशीच राहते. जूनमध्ये आर्द्रता वाढताच तिचा चिखल होतो, निचऱ्याची नळी तुंबते व पाणी खोलीत गळते. म्हणून केवळ उन्हाळ्यापूर्वीची एक सर्व्हिसिंग येथे अपुरी ठरते.

दोन बाबी विशेष नोंदवाव्याशा वाटतात. पहिली, यंत्रातील वायू बंद नळ्यांत फिरतो. तो खर्च होत नाही. दरवर्षी ‘गॅस भरावा’ लागत असेल तर गळती आहे असे समजावे व ती आधी बुजवून घ्यावी. दुसरी, बाहेरील युनिट बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुऊ नये. ॲल्युमिनिअमची पाती त्याने झिजतात.

डासांचा प्रश्न

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास कूलरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे शास्त्रशुद्ध आहे. अंडी टाकीच्या कडेला चिकटतात व कोरड्यातही दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे टाकी केवळ रिकामी न करता घासणे अगत्याचे आहे.

सुचविलेले वेळापत्रक

१. फेब्रुवारीचा उत्तरार्ध : एसीची पूर्ण सर्व्हिसिंग, कूलरच्या नव्या ताट्या, पंप, तार व आर्थिंगची तपासणी.
२. मार्च ते मध्य जून : एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी, वावटळीनंतर लगेच, कूलरची टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी व आठवड्यातून एकदा घासून कोरडी.
३. जूनचा उत्तरार्ध : एसीची कॉइल व निचऱ्याची नळी यांची दुसरी सफाई, कूलर घासून, वाळवून, झाकून ठेवणे.
४. ऑक्टोबर : उकाड्यात एसी वापरण्यापूर्वी जाळीची सफाई, कूलर काढल्यास ताट्या व तारेची पुन्हा तपासणी.

निष्कर्ष

देखभालीची वारंवारता दिनदर्शिकेपेक्षा धूळ, पाणी व आर्द्रता यांवरून ठरवणे वऱ्हाडात अधिक युक्त आहे. या कामांपैकी बहुतांश कामांना कारागीर लागत नाही, नियमितता लागते. आरसीसीबी व आर्थिंगचा खर्च मात्र टाळण्यासारखा नाही, कारण तेथे प्रश्न गारव्याचा नसून जीविताचा आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण खारपाणपट्ट्यातील गावांतून येतात. टाकीतील क्षारांचे वरील गणित वर्गात एकदा करून दाखवल्यास ते त्यांच्या घरापर्यंत निश्चित पोहोचेल.