इंजिन उतरवताना फसवणाऱ्या जखमा

शिरवळच्या कारखान्यांकडे वळणारे ट्रेलर, लोणंदच्या बाजारात कांदा पोहोचवणाऱ्या पिकअप आणि खंबाटकी घाट चढताना तापलेल्या गाड्या. खंडाळा तालुक्यात गाडीदुरुस्ती हा घरोघरचा विषय आहे. वडिलांच्या काळातली एखादी जुनी पिकअप किंवा जीप अजूनही अनेक अंगणांत उभी असते. ती ऑइल खाऊ लागली, धूर सोडू लागली, की शेतीची कामे उरकल्यावर घरातलेच कोणीतरी म्हणते, ‘या वेळी इंजिन आपणच उतरवू.’ मजुरी वाचते आणि हौसही भागते. जुन्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भानगडी नसल्याने हे काम अनेकांना जमतेही.

काम करू नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. मात्र या कामातल्या काही जखमा फसव्या असतात. रक्त वाहू लागले की माणूस स्वतःहून दवाखाना गाठतो. रक्त नाही, फारसे दुखतही नाही, अशा जखमेवर तो हळद लावून पुन्हा पाना हातात घेतो. नेमक्या याच जखमांमुळे पाय, बोट किंवा फुप्फुस गमावण्याची वेळ येते. अशा तीन जखमा प्रत्येक घराने ओळखायला हव्यात.

आधी वजनाचा हिशेब

चार सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन साधारण दोनशे किलोंच्या आसपास भरते, म्हणजे सिमेंटची चार पोती. गिअरबॉक्ससकट उतरवले तर त्याहून जास्त. ते बहुतेक वेळा अंगणातल्या झाडाच्या फांदीला टांगले जाते. एकाच कप्पीवरून दोर ओढून दोनशे किलो उचलायचे, तर ओढणाऱ्यांनाही तेवढाच जोर लावावा लागतो. फांदीवर दोन्ही बाजूंचा मिळून चारशे किलोंचा भार येतो. चेन पुलीमुळे हाताला लागणारा जोर खूप कमी होतो, पण इंजिनाचे सगळे वजन फांदीवर राहतेच. साखळी वीतभर जरी घसरली, तरी बसणारा झटका त्या वजनाच्या कित्येक पट असू शकतो. शेवग्यावर चढू नये हे लहान मुलालाही ठाऊक असते. कडुनिंबाची फांदी आतून पोखरलेली आहे की नाही, हे मात्र खालून दिसत नाही. त्यामुळे लोखंडी घोडी किंवा गॅरेजवाल्याकडून भाड्याने आणलेली क्रेन केव्हाही बरी.

‘पडायला लागले तर पटकन बाजूला होईन’ हा भरवसा शरीरशास्त्राला मान्य नाही. एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर आदळते. डोळ्यांनी पाहून मेंदूने स्नायूंना हुकूम देण्यातच सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि पाऊल उचलणे त्यानंतर. म्हणून टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही जायचे नाही. हात नाही, पायही नाही. इंजिन वळवायचे असेल तर लांब लाकडाने ढकलावे. गाडीखाली शिरण्याचेही तसेच आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचललेल्या गाडीखाली लोखंडी स्टँड हवेत. विटांची चळत पूर्वसूचना न देता फुटते. छातीवर गाडीचे वजन आले, तर छाती फुगू शकत नाही आणि श्वास काही मिनिटांत थांबतो.

पहिली फसवी जखम: चेंगरलेला पाय

समजा, इंजिन घसरून पोटरीवर आले. चौघांनी मिळून ते उचलले. हाड शाबूत, कातडीवर जेमतेम खरचटले. माणूस लंगडत खाटेवर जातो आणि घरचे तेल गरम करून चोळायला बसतात. इथेच घात होतो. पोटरीचे स्नायू चिवट आवरणांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. मार लागलेला स्नायू सुजतो, पण आवरण ताणले जात नाही. आतला दाब वाढत जातो आणि बारीक रक्तवाहिन्या दबून रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरू लागतो.

याची खूण अशी की बाहेरून दिसते त्या मानाने वेदना फार जास्त असते आणि ती वाढतच जाते. पायाची बोटे दुसऱ्याने हलकेच ताणली तरी रुग्ण ओरडतो. पोटरी दगडासारखी घट्ट लागते, मुंग्या येतात. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण नाडी बंद पडणे ही फार उशिराची खूण आहे. अशा वेळी चोळू नये, गच्च पट्टी बांधू नये, लगेच रुग्णालय गाठावे. वेळेत आवरण चिरून दाब मोकळा केला, तर पाय वाचतो.

अंग बराच वेळ दबून राहिले असेल, तर धोका मूत्रपिंडांपर्यंत जातो. १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली अडकलेल्या चार रुग्णांची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. बाहेर काढल्यानंतर त्यांची प्रकृती सावरल्यासारखी वाटली. पुढे लघवी कमी होत गेली आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी झाली. चेंगरलेल्या स्नायूंतून सुटलेले पोटॅशियम हृदयाला आणि मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करते. म्हणून नुकतेच काही अंगावर पडले असेल, तर सुरक्षितपणे ताबडतोब उचलावे. तासाभराहून अधिक वेळ गेला असेल, तर १०८ ला फोन करताना तसे स्पष्ट सांगावे. अशा रुग्णाला सोडवण्याआधीच सलाइन सुरू करणे हिताचे असते. नंतर चहाच्या रंगाची लघवी झाली, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

दुसरी: टाचणीएवढे छिद्र

इंजिन उतरवले की अनेकांना नोझल तपासण्याचा मोह होतो. पंप दाबायचा आणि फवारा कसा पडतो ते बघायचे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय दाब असतो. माणसाची कातडी भेदायला सुमारे १०० पीएसआय पुरतात. जुन्या डिझेल इंजिनाचे नोझलही दीड हजार पीएसआयच्या पुढे फवारा सोडते. नव्या कॉमन रेल गाड्यांत तर हा दाब त्याच्या दहापट आणि अधिकही असतो.

असा फवारा बोटावर आला, तर टाचणी टोचल्यासारखे वाटते. रक्ताचा एखादा थेंब, बस. पण डिझेल कंडराच्या बाजूने तळहातापर्यंत पसरलेले असते. काही तासांत बोट सुजते, पांढरे पडते, ठणकू लागते. अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे बोट शेवटी कापावे लागते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून आतले डिझेल साफ केले, तर बोट वाचण्याची शक्यता वाढते. म्हणून दुखणे वाढण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांना ‘काहीतरी टोचले’ असे न सांगता ‘दाबाने डिझेल आत गेले’ असे सांगावे. या एका वाक्यावर उपचाराची दिशा ठरते.

तिसरी: एक घोट डिझेल

टाकी रिकामी करायची म्हणून नळी घालून तोंडाने ओढणे ही आपल्याकडची सर्रास सवय. एखादा घोट तोंडात जातो, ठसका लागतो, माणूस थुंकून हसतो. डिझेल, पेट्रोल, रॉकेल पोटात गेल्याने होणारा त्रास तुलनेने कमी असतो. खरा धोका फुप्फुसाला. हे द्रव पातळ असल्याने ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरून झरकन पसरतात आणि मोजके थेंबही फुप्फुसाला सूज आणू शकतात. खोकला, धाप आणि ताप कधी लगेच, तर कधी काही तासांनी सुरू होतात.

घरच्यांकडून होणारा मोठा अपाय म्हणजे मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे. उलटीबरोबर डिझेल दुसऱ्यांदा फुप्फुसात जाऊ शकते. काहीही पाजू नये, उलटी करवू नये. ठसका लागला असेल तर रुग्णालयात निदान सहा तास देखरेखीखाली राहावे. यावर सोपा उपाय म्हणजे टाकीच्या तळाचा बोल्ट काढावा किंवा हाताने दाबायचा पंप वापरावा. काढलेले डिझेल आणि कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि ते मूत्रपिंडे निकामी करते. लहान मुलाला बाटली पाणी वाटते, म्हणून धोका आणखी मोठा.

काम सुरू करण्यापूर्वी

अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडावी. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. गिअरबॉक्स सुटा केल्यावर क्लचमधली धूळ फुंकू नये किंवा हवा मारून उडवू नये. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले ते आठवावे. मळकी जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर ते पुन्हा घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते मिळते.

बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लावू नये.

खंडाळ्याहून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघाले तर खंबाटकी आडवा येतो, पुण्याच्या ससूनकडे निघाले तर कात्रज. रस्त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नाही. घरी ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणत घालवलेला वेळ मात्र आपल्याच हातात असतो. इंजिन आणखी चार दिवस घोडीवर टांगलेले राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही.